सरहद्द गांधी आणि आमची विस्मृती

खान अब्दुल गफारखान यांच्यावरील ‘द फ्रंटियर गांधी’ हा माहितीपट पूर्ण करायला टी. सी. मॅक्लुहान यांना एकवीस वर्षे लागली. २००९ मध्ये अबू धाबीच्या चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोत्तम माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. दूरच्या कॅनडातील एका बाईंना बादशाहखानांसाठी आयुष्याची इतकी वर्षे द्यावीशी वाटली. आम्हाला मात्र त्यांची आठवण जयंती-पुण्यतिथीलाही होत नाही.

१९२९ मध्ये त्यांनी ‘खुदाई खिदमतगार’ संघटना उभारली. सूड हाच धर्म मानणाऱ्या पठाणांनी हत्यार न उचलण्याची शपथ घेतली. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या. तेव्हा चंद्रसिंग गढवाली व त्यांच्या साथीदार सैनिकांनी गोळीबार करण्यास नकार दिला आणि त्यासाठी तुरुंगवास पत्करला. मरणारे मुसलमान, बंदूक खाली ठेवणारे हिंदू. हा इतिहास दोन्ही समाजांच्या मुलांना शिकवायला हवा.

बादशाहखानांनी अहिंसा गांधीजींकडून उसनी घेतली, असे समजणे अपुरे आहे. सब्र आणि सचोटी हे प्रेषितांचेच शस्त्र आहे, असे ते आपल्या पठाणांना सांगत. इस्लाम म्हणजे तलवार असे म्हणणाऱ्यांना, आणि आमच्यातही तसेच मानणाऱ्यांना, हे एकच उत्तर पुरेसे आहे.

त्यांचे नाते आमच्या मातीशीही आहे. १९३४ मध्ये सरहद्द प्रांतात जाण्यास बंदी झाल्यावर ते वर्ध्यात राहिले. मुंबईतील एका भाषणाबद्दल त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांना वर्ध्यातच अटक झाली आणि दोन वर्षांची शिक्षा झाली. फाळणीला त्यांनी विरोध केला. पुढे पाकिस्ताननेही त्यांना वर्षानुवर्षे तुरुंगात ठेवले. भारताने १९८७ मध्ये त्यांना भारतरत्न दिले. २० जानेवारी १९८८ रोजी पेशावरात त्यांचे निधन झाले. दफन जलालाबादला झाले आणि त्यासाठी अफगाणिस्तानातील लढाई काही काळ थांबली.

पुरस्काराचा अभिमान आम्हालाही वाटतो. पण खुदाई खिदमतगाराच्या शपथेत रोज किमान दोन तास समाजसेवेचे कलम होते. ते दोन तास आमच्यापैकी किती जण देतात? बादशाहखानांचे नाव घेण्याआधी आम्ही याचे उत्तर स्वतःला द्यायला हवे.