डीजेचा दणका मोबाइल अ‍ॅपमध्ये कमी का दिसतो?

गणेशोत्सवात पनवेलच्या एखाद्या गल्लीतून डीजे गेला की खिडक्यांच्या काचा थरथरतात. मोबाइलमधले डेसिबल अ‍ॅप मात्र त्या मानाने कमी आकडा दाखवू शकते. असे का होते?

आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात, तर हवा सेकंदाला किती वेळा कंप पावते ते हर्ट्झमध्ये. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. डीजेच्या बेसचा दणका मुख्यतः १०० हर्ट्झच्या खाली असतो. कायद्यातील मर्यादा ‘डीबी-ए’ मापात आहेत. कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून या मापात ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. त्यातच अनेक फोनचे माइक बेस कमी पकडतात.

स्पेक्ट्रॉइडसारखे अ‍ॅप आवाजाची हर्ट्झनुसार फोड करून आलेख दाखवते. बेसचा उंचवटा त्यात डावीकडे दिसतो.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी असते. सणासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते.

फोन प्रमाणित मापक नाही, त्यामुळे अ‍ॅपचा आकडा केवळ अंदाज समजावा. तक्रारीसाठी ११२ वर फोन करून ठिकाण आणि वेळ नेमकी सांगावी.