रमन राघव : दप्तराने पकडलेला खुनी

अनुराग कश्यप यांचा 'रमन राघव २.०' हा हिंदी चित्रपट २०१६ साली प्रदर्शित झाला. त्यातला खुनी विकृत आहे आणि त्याच्या मागावर असलेला पोलीस अधिकारी व्यसनाच्या आहारी गेलेला आहे. कथा पुढे सरकते तसतसे या दोघांमधले अंतर कमी होत जाते. चित्रपट म्हणून ही कल्पना प्रभावी आहे. मात्र दिल्लीत, आमच्या लक्ष्मीबाई नगरसारख्या सरकारी वसाहतींत वाढलेल्या मराठी मुलांना रमन राघव हे नाव केवळ या चित्रपटामुळे ठाऊक आहे. त्यामुळे मूळ प्रकरणातही असाच एखादा बिघडलेला अधिकारी असावा, असा त्यांचा समज होतो. वास्तविक मूळ प्रकरण निराळे होते. प्रशासनात काम करणाऱ्यांनी आणि प्रशासनाकडून अपेक्षा ठेवणाऱ्यांनी ते मुळातून समजून घ्यावे, असे मला वाटते.

१९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, ज्याला जुने लोक अजूनही जी.आय.पी. म्हणत त्या मध्य रेल्वेच्या मार्गालगत, पदपथांवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांवर रात्री हल्ले होऊ लागले. जड, बोथट हत्याराने डोक्यावर घाव घातला जाई. १९ जणांवर असे हल्ले झाले आणि त्यांपैकी ९ जण दगावले. त्या काळात त्या परिसरात भटकताना पोलिसांना एक बेघर इसम आढळला. त्याचे नाव रमन राघव. दरोड्याच्या गुन्ह्यात त्याने पूर्वी पाच वर्षांचा तुरुंगवास भोगला होता, म्हणजे पोलिसांच्या दप्तरी त्याची नोंद होती. परंतु या हल्ल्यांशी त्याचा संबंध जोडणारा कोणताही पुरावा हाती लागला नाही, म्हणून त्याला सोडून देण्यात आले.

येथे क्षणभर थांबावे लागते. पुरावा नसताना एखाद्या माणसाला डांबून ठेवायचे नाही, हा कायदा आहे आणि तो योग्यच आहे. पोलिसांनी त्याला सोडले यात गैर काही नव्हते. प्रश्न असा की, त्याला सोडल्यानंतर त्याच्याविषयीची माहिती कुठे गेली? आपल्या कार्यालयांत पुष्कळदा असे होते की, प्रकरण बंद झाले की नस्ती कपाटात जाते, अधिकाऱ्याची बदली होते आणि नव्याने आलेल्या अधिकाऱ्याला त्या कपाटात काय आहे याची गंधवार्ताही नसते. या प्रकरणात सुदैवाने तसे झाले नाही.

१९६८ च्या ऑगस्टमध्ये हल्ल्यांचे सत्र पुन्हा सुरू झाले, या वेळी उत्तरेकडच्या उपनगरांत. शहर भयग्रस्त झाले. वस्त्यावस्त्यांत लोक रात्र रात्र जागून गस्त घालू लागले. खुनी रूप पालटतो अशा अफवा उठल्या, आणि फिरस्ते व भिकारी जमावाच्या माराचे धनी होऊ लागले. तपासाची सूत्रे गुन्हे अन्वेषण शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांनी हाती घेतली. हेच कुलकर्णी पुढे परभणी जिल्ह्यातील मानवत हत्याकांडाचा तपास करून सर्वतोमुखी झाले. आज 'सीरियल किलर' हा शब्द शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे, पण तेव्हा तो रूढ नव्हता. स्वार्थ नाही, वैर नाही, ओळख नाही, तरीही एकच हात अनेक अनोळखी माणसांचे प्राण घेतो, हे मान्य करणेच तपास यंत्रणेला कठीण होते. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मान्य केले आणि १९६५-६६ ची कागदपत्रे पुन्हा उघडली. जुना संशयित, त्याचे छायाचित्र, त्याचे वर्णन सर्वत्र पाठविण्यात आले.

२७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी खाकी अर्धी चड्डी आणि निळा सदरा घातलेल्या एका इसमाला वर्णनावरून ओळखले. त्याच्या हातात ओली छत्री होती आणि आसपास तर पाऊस पडलेला नव्हता. त्याने आपले नाव सिंधी दलवाई असे सांगितले. चित्रपटात अशा ठिकाणी झटापट होते, पाठलाग होतो. प्रत्यक्षात निर्णायक ठरले ते बोटांचे ठसे. सिंधी दलवाई आणि रमन राघव ही एकच व्यक्ती आहे, हे ठशांनी सिद्ध केले. नाव बदलता येते, गाव बदलता येते, ठसे बदलता येत नाहीत. मात्र जुने ठसे जपून ठेवलेले असतील तरच नव्या ठशांना अर्थ येतो.

अटकेनंतर तो बोलेना. अखेर त्याच्या मागणीप्रमाणे त्याला कोंबडीचे जेवण मिळाले आणि त्याने तोंड उघडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पुढे त्याने हत्यार लपविल्याची जागा दाखविली. खटल्यात बचाव पक्षाने तो वेडा असल्याचे प्रतिपादन केले. १९६९ च्या जून-जुलैमध्ये पोलीस शल्यचिकित्सकांनी त्याला निरीक्षणाखाली ठेवले व तो मनोरुग्ण नसल्याचा अभिप्राय दिला. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली आणि त्याने अपील करण्याचेही नाकारले. फाशी कायम करण्यापूर्वी उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमण्याचा आदेश दिला. त्या मंडळाने त्याच्या पाच प्रदीर्घ मुलाखती घेतल्या आणि तो असाध्य मनोरुग्ण असल्याचा निष्कर्ष काढला. शिक्षा जन्मठेपेवर आली. १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मूत्रपिंडाच्या विकाराने मरण पावला. सारे शहर ज्याच्या रक्तासाठी आतुर झाले होते, त्या माणसाबाबतही न्यायालयाने घाई केली नाही, ही गोष्ट आपल्या न्यायव्यवस्थेच्या जमेच्या बाजूला लिहिली पाहिजे.

त्याने एकूण किती माणसे मारली, हे मात्र आजही कोणी निश्चित सांगू शकत नाही. याचे कारण केवळ खुन्याच्या विस्मरणात शोधू नये. बळी गेलेले बहुतेक जण पदपथावर आणि झोपड्यांत राहणारे होते. ज्याचा पत्ता नाही, शिधापत्रिका नाही, ज्याच्यासाठी पोलीस ठाण्यात खेटे घालणारे कोणी नाही, त्याचा मृत्यू आकस्मिक मृत्यूच्या नोंदवहीत एका ओळीत संपतो. अशा दहा ओळी दहा ठाण्यांत विखुरल्या, तर त्यांचा परस्परसंबंध कोणाच्या लक्षात येणार?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात एक परिचित पेच दिसतो. माहिती नीट नोंदविण्याचे श्रम एका ठाण्याला पडतात, तिचा लाभ बहुधा दुसऱ्याच ठाण्याला होतो. जिथे खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा असतो, तिथे ते काम नेहमीच अपुरे होते. त्यात नोंदलेल्या गुन्ह्यांच्या संख्येवरून ठाण्याचे मूल्यमापन होत असेल, तर गुन्हा न नोंदविणे हेच शहाणपण ठरते. अधिकारी व्यसनी नसला, प्रामाणिक असला, तरी ही व्यवस्था त्याला आंधळे करू शकते.

पुढची उदाहरणे हेच सांगतात. १९९० ते १९९६ या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुलींनी महाराष्ट्रातील निरनिराळ्या शहरांतून लहान मुले पळविली आणि त्यांतील कित्येकांना ठार केले. हरवलेले मूल ही प्रत्येक ठाण्याची स्वतंत्र बाब राहिली. दिल्लीच्या वेशीवरील निठारी गावातून गरिबांची मुले नाहीशी होत होती, पण २००६ अखेर मानवी अवशेष सापडेपर्यंत पालकांच्या तक्रारींना कोणी दाद दिली नाही. तपास तर इतका सदोष झाला की, २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. मुले मारली गेली, हे सर्वांना माहीत आहे. कोणी मारली, हे कायद्याच्या भाषेत आता कोणीच सांगू शकत नाही.

गावित प्रकरणाला आणखी एक अंग आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दोघी बहिणींची फाशी कायम केली, तर राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला. परंतु दयेच्या अर्जाच्या नस्त्या सात वर्षांहून अधिक काळ टेबलांवरून टेबलांवर फिरत राहिल्या, या कारणास्तव २०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. रमन राघवच्या प्रकरणात न्यायालयाने विचारपूर्वक वेळ घेतला होता. येथे वेळ केवळ वाया गेला. विलंब आणि विचार यांतला हा फरक प्रत्येक सरकारी कर्मचाऱ्याने ध्यानात ठेवावा.

काही सुधारणा झाल्या आहेत, हेही नमूद केले पाहिजे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच प्रथम माहिती अहवाल नोंदविणे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंधनकारक ठरविले. हरवलेल्या मुलांबाबतही त्याच वर्षी तसाच आदेश झाला. पोलीस ठाण्यांना संगणकजालाने जोडणारी योजना २००९ मध्ये मंजूर झाली, आणि ठशांची राष्ट्रीय संगणकीय प्रणाली २०२२ मध्ये सुरू झाली. १९६८ मध्ये जे काम कारकुनांनी हातांनी केले, ते आता काही क्षणांत होऊ शकते. अर्थात संगणकही तेच शोधू शकतो, जे कोणी तरी आधी त्यात भरलेले असते.

चित्रपटातील सदोष गुप्तहेर आपल्याला आकर्षित करतो, कारण दोष एका माणसाच्या पदरात टाकून आपण मोकळे होतो. रमन राघवला पकडण्यात कुलकर्णींची चिकाटी आणि फियालोंची नजर यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्याच पंक्तीला आणखी एक माणूस बसवायला हवा. एका बेघर कैद्याच्या बोटांचे ठसे कंटाळा न करता घेऊन, ते योग्य जागी लावून ठेवणारा, नाव न उरलेला तो कर्मचारी. त्या दिवशी त्याला ते काम निरर्थकच वाटले असेल. तरीही त्याने ते केले, म्हणून कित्येक माणसे वाचली.