दिवाण-ए-खासचे छत

दिल्लीचा लाल किल्ला पाहायला जाणारे आम्ही मराठी लोक दिवाण-ए-खाससमोर उभे राहतो, फोटो काढतो आणि पुढे जातो. मान वर करून छत पाहत नाही.

शहाजहानने आग्र्याहून राजधानी हलवण्यासाठी १६३९ मध्ये या किल्ल्याचा पाया घातला. १६४८ मध्ये काम पुरे झाले. या संगमरवरी दालनाला तेव्हा चांदीचे छत होते. येथले मयूरासन १७३९ मध्ये नादिरशहाने इराणला नेले. छताची चांदी मात्र १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उतरवली. फौजेचा पगार थकला होता.

हे सांगताना आम्ही कोणत्या बाजूला उभे राहायचे? आम्ही मराठी आहोत आणि मुसलमानही. भाऊंचा तोफखाना इब्राहिमखान गारदीकडे होता. पानिपतावर तो मराठ्यांकडूनच लढला आणि हाती सापडल्यावर मारला गेला. म्हणजे चांदी काढणाऱ्या फौजेतही आम्ही होतोच.

१८५७ नंतर इंग्रजांनी किल्ल्यातले बहुतेक महाल पाडून बराकी बांधल्या. जामा मशीद जप्त केली, ती १८६२ मध्ये परत दिली. फतेहपुरी मशीद लाला चुन्नामल यांना विकली. ती पुन्हा नमाजासाठी खुली व्हायला १८७७ साल उजाडले.

जुन्या वास्तूंचा हिशेब धर्मावर मांडता येत नाही. बांधणारे, लुटणारे, राखणारे सगळ्यांत होते. दिवाण-ए-खासचे छत आम्हाला एवढेच सांगते. पुढच्या वेळी मान वर करून पाहू या.