जातीचे रजिस्टर, मनाचे रजिस्टर

श्रीगोंदा, कर्जत, जामखेडकडच्या एखाद्या पारधी पालावर विचारा, गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी इथेच का येते? याचे मूळ १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. माणसाने काय केले हे न बघता जन्मावरून त्याचे नाव ठाण्याच्या रजिस्टरात चढायचे. १९५२ ला कायदा रद्द झाला, जमाती 'विमुक्त' झाल्या. नजर मात्र तीच राहिली.

त्याच इंग्रज सरकारने १९१२ ला वेड्यांचा कायदा केला. रस्त्यावर फिरणाऱ्या 'वेड्या'ला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. १९८७ च्या कायद्यानेही तो ठेवला. वाड्यातला आजारी माणूस घरात झाकला जायचा. रस्त्यावर सापडायचा तो बेघर, भूमिहीन. म्हणजे गरिबाच्या मनाच्या आजाराची पहिली नोंद दवाखान्यात नाही, ठाण्यात झाली.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने हे बदलले. अशा माणसाला कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांत सरकारी दवाखान्यात न्यावे लागते. कलम २३ ने आजाराची गोपनीयता हा हक्क केला. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण कलम २३ गोपनीयतेचे बंधन घालते ते डॉक्टर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवर. ठाणे अंमलदाराचे काय?

परभणी आठवा. १० डिसेंबर २०२४ ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. आरोपी 'मनोरुग्ण' असल्याचे लगेच जाहीर झाले. आपल्याला राग आला, तो रास्तच होता. आजार आहे की नाही हे डॉक्टरांनी कोर्टापुढे सांगायचे असते, पोलिसांनी माध्यमांपुढे नाही. उलट न्यायालयीन कोठडीत मेलेल्या सोमनाथ सूर्यवंशींसाठी पोलिसांवर गुन्हा नोंदवायला त्यांच्या आईला हायकोर्टात जावे लागले. आरोपीचा आजार उघडा, आणि पोलिसांची काठी झाकलेली!

हाच शिक्का उद्या आपल्यावर उलटेल. ॲट्रॉसिटीची फिर्याद द्यायला गेलेल्या बाईच्या औषधाची चिठ्ठी ठाण्यात पोचली, की 'ती वेडसर आहे' म्हणायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून कार्यकर्त्यांनो, फिर्यादीसोबत जाल तेव्हा उपचाराचे कागद मागितल्यास लेखी कारण मागा. जबाबात 'वेडसर' शब्द आला तर सही करण्याआधी हरकत नोंदवा. आणि आपणही सभेत, ग्रुपवर विरोधकाला 'मेंटल' म्हणणे बंद करू. जन्मावरून माणूस मोजणारे रजिस्टर बाबासाहेबांनी नाकारले. आजारावरून मोजणारे आपण का चालवून घ्यायचे?

जय भीम!