मिटत्या छपराची शिवण

मोटारीचें मिटतें छप्पर प्रथम घडीवरच विरतें. ज्या गुणासाठीं तें घ्यावयाचें, त्याच गुणानें तें झिजतें.

ही अडचण मोटारीहून जुनी आहे. मिटत्या छपराचा वारसा मुळांत घोडागाडीचा. १८२३ सालीं ग्लासगो येथील चार्ल्स मॅकिंटॉश यांनीं दोन कापडांमध्यें रबराचा थर घालून पाणी न शिरणाऱ्या कापडाचें पेटंट घेतलें. परंतु तें उन्हानें चिकट होई, थंडीनें ताठरे. आणि शिंप्याची सुई जेथें शिरे, तेथूनच पाणी झिरपे. अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यांनीं गंधक व उष्णता यांच्या योगें रबरास स्थैर्य आणिलें. त्यांचें पेटंट १८४४ चें. ऊनथंडीचा प्रश्न सुटला, सुईचा उरला.

आजच्या पुष्कळ कापडी छपरांतही रबराचा तोच मधला थर असतो. म्हणून जाणता कारागीर केवळ ठिगळ शिवून थांबत नाहीं. तो विरलेल्या घडीस आंतून अस्तर चिकटवितो, टाक्यांचीं छिद्रें बुजवितो, आणि ओलें छप्पर मिटूं नका, कापडास बुरशी धरेल, असें मालकास बजावितो.

मॅकिंटॉश यांचें नांव इंग्रजींत पावसाळी कोटासच मिळालें. सुईचीं छिद्रें बुजविणाऱ्या हातांचीं नांवें कोणीं टिपलीं नाहींत. कापडाचा इतिहास त्यांच्यावांचून अपुरा आहे, असें आम्हांस वाटतें.