पांढऱ्या पेशींचा माग

शरीरात दाह नेमका कुठे आहे, हे ओळखणे वैद्यकाला फार काळ अवघड गेले. त्वचेवरची सूज लाली, उष्णता आणि ठणका यांवरून कळते; पोटातले गळू किंवा हाडातला जंतुसंसर्ग बाहेरून दिसत नाही. ग्वाल्हेर संस्थानचे महाराज माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत तिथे जयारोग्य रुग्णालय उभे राहिले आणि १९४६ मध्ये गजराराजे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्या काळात कुठल्याही डॉक्टरच्या हाती यासाठी मोजकीच साधने होती: हाताने चाचपणे, ताप पाहणे, रक्तातल्या पांढऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजणे आणि एक्स-रे. पेशी वाढल्या म्हणजे दाह आहे एवढे समजे, त्याची जागा समजत नसे. हाडातला संसर्ग एक्स-रेवर उमटायला दहा-पंधरा दिवस जात.

जागेचा पत्ता त्याच पेशींकडे होता. रक्तवाहिनीतून बाहेर पडून त्या दाहाच्या ठिकाणी जमतात, हे यूलिउस कोनहाइम यांनी १८६७ मध्ये बेडकावर दाखवून दिले. या ज्ञानाचा रोगनिदानाला थेट उपयोग व्हायला मात्र शतक लोटले. १९७१ मध्ये गॅलियम-६७ हे किरणोत्सारी द्रव्य दाहाच्या जागी साचते असे आढळले; पण ते आतड्यात आणि गाठींतही साचत असल्याने घोटाळा होई. १९७७ मध्ये भारतीय शास्त्रज्ञ मॅथ्यू ठाकूर आणि लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील त्यांचे सहकारी यांनी रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींवर इंडियम-१११ची खूण करण्याची रीत प्रसिद्ध केली.

या तपासणीत रुग्णाचे साधारण पन्नास मिलिलिटर रक्त काढतात. तांबड्या पेशी तळाशी बसल्या की पांढऱ्या वेगळ्या करतात, त्यांना किरणोत्सारी द्रव्य जोडतात आणि शिरेतून परत सोडतात. काही तासांनी गॅमा कॅमेऱ्यात त्या जिथे जमल्या तो भाग उजळ दिसतो. कुठेही चिरफाड करावी लागत नाही. १९८६ पासून इंडियमऐवजी टेक्नेशियम-९९एम वापरता येऊ लागले. ते स्वस्त आहे आणि त्याने चित्रही स्पष्ट येते.

भारतात अणुवैद्यकाचा पाया मुंबईत परळच्या विकिरण वैद्यक केंद्राने १९६३ मध्ये घातला. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट स्कॅनही तिथेच, २००२ मध्ये आले. दाह शोधायला पेट स्कॅनही वापरता येतो, पण त्यासाठी लागणाऱ्या, सायक्लोट्रॉनमध्ये बनणाऱ्या फ्लोरिन-१८चे अर्धायुष्य जेमतेम ११० मिनिटे असते. दिल्लीहून ग्वाल्हेरपर्यंतच्या साडेपाच तासांच्या प्रवासात त्याचा एक-अष्टमांश भागच उरतो. टेक्नेशियमचे अर्धायुष्यही सहाच तास, पण ते ज्या मॉलिब्डेनमपासून मिळते त्याचे ६६ तास. त्यामुळे मॉलिब्डेनमचा जनित्र-संच दोन दिवसांचा प्रवास करून आला तरी निम्म्याहून अधिक शिल्लक असतो आणि टेक्नेशियम रुग्णालयातच रोज काढता येते.

म्हणून सायक्लोट्रॉनपासून दूर असलेल्या शहरांना टेक्नेशियमची खूण केलेल्या पेशींचीच तपासणी अधिक परवडणारी आहे. तिच्यासाठी गॅमा कॅमेऱ्याइतकीच निर्जंतुक प्रयोगशाळा आणि पेशी हाताळणारी प्रशिक्षित माणसे लागतात. नुसते यंत्र आणून भागत नाही.