स्फोट संपला, घात बाकी होता

१५ जून १९९१, पहाटे ५.५५, फिलिपिन्स. पिनातुबो ज्वालामुखीचा मोठा स्फोट. त्याच दिवशी 'युन्या' चक्रीवादळही तिथेच धडकलेलं. भिजलेल्या राखेच्या ओझ्याने छपरं बसली, माणसं दबून मेली.

दुपारी १.४२. मुख्य उद्रेक. राखेचा लोट ३५ किलोमीटरच्या वर.

रात्री १०.३०. जोर ओसरला. बातमीदार इथेच वही मिटतात. पण दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात पोचला होता.

पुढचे ३ आठवडे. ढगाने पृथ्वीला फेरी घातली. वायूचे सल्फ्युरिक ॲसिडचे थेंब होऊ लागले. पिनातुबो १५ अंश उत्तर अक्षांशावर, आपलं लातूर जिल्ह्यातलं रेणापूर साडेअठरावर. म्हणजे तो पट्टा आपल्याही डोक्यावरून गेला. ऑक्टोबरात हैदराबादहून सोडलेल्या बलूनवरच्या यंत्रांनी हे कण मोजले.

जुलै १९९३, दक्षिण ध्रुवावरची लांबलचक रात्र. पिनातुबोचे थेंब तिथवरही पोचलेले. स्थितांबरात तापमान उणे ८० अंशांच्या आसपास. एवढ्या थंडीत थेंब गोठायला हवा, पण तो द्रवच राहतो. वर हवेतलं नायट्रिक ॲसिड आणि वाफ पिऊन टम्म फुगतो. त्याच्या अंगावर हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट यांची गाठ पडते. एरवी दोघेही निरुपद्रवी. इथे मात्र क्लोरीन मोकळा सुटतो आणि त्याला पुन्हा वेसण घालू शकणारा नायट्रोजन थेंबातच अडकतो. हा क्लोरीन मुख्यतः माणसाचा, तेव्हाच्या फ्रिज-एसीतल्या वायूंचा. ज्वालामुखीने फक्त जागा पुरवली. सगळा दोष त्याच्या माथी मारणं सोयीचं, पण खोटं.

सप्टेंबर. ऊन आलं. क्लोरीनचे रेणू फुटले. एकेक अणू हजारो ओझोन रेणू मोडतो. पिनातुबोच्या थेंबांमुळे ही मोडतोड एरवीपेक्षा खालच्या थरांतही पोचली.

३० सप्टेंबर, पहाटे ३.५६. किल्लारीचा भूकंप. या थेंबांशी त्याचा काडीचाही संबंध नाही, पण लातूर जिल्ह्यात त्या दिवसांची दुसरी नोंद कोण ठेवणार?

१२ ऑक्टोबर. दक्षिण ध्रुवावरून सोडलेल्या बलूनची नोंद: ओझोन ९१ डॉब्सन एकक. २२० च्या खाली गेलं की 'ओझोन छिद्र' म्हणतात. १४ ते १९ किलोमीटरच्या थरात तर यंत्राला ओझोन जवळजवळ सापडलाच नाही.